पहाटेचं मोजमाप

इंग्रजीतला 'डॉन' हा शब्द वाटतो तितका जुना नाही. आद्य इंग्रजीत 'दिवस होणे' अशा अर्थाचं एक क्रियापद होतं. 'दिवस' या अर्थाच्या शब्दापासूनच ते निघालेलं. त्यातून मध्ययुगात 'डॉइंग' असं रूप आलं. पुढे १३००च्या सुमारास 'डॉनिंग' रूढ झालं आणि त्यामागे उत्तरेकडून येऊन इंग्लंडात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीचा हात असावा, असं भाषाभ्यासक मानतात. मग त्याचं शेपूट गळालं, पंधराव्या शतकात 'डॉन' हे क्रियापद झालं आणि नाम म्हणून तो शब्द स्थिरावला तो थेट सोळाव्या शतकाच्या अखेरीस, शेक्सपियरच्या काळात. तेव्हा आपल्याकडे ज्ञानेश्वरीला तीनशे वर्षं झाली होती आणि पैठणात एकनाथांचं आयुष्य उतरणीला लागलं होतं.

या शब्दाच्या पोटात दिवस आहे. उजेड येतोय, दिवस होतोय, ही त्याची नजर. आपली पहाट मात्र रात्रीच्या बाजूची. पहाटे तीन वाजता गाडी आहे असं आपण सहज म्हणतो. 'सकाळी तीन' कुणी म्हणत नाही. बाहेर मिट्ट काळोख असतो, उजेडाचा पत्ता नसतो, तरी ती पहाट असते. कारण पहाट हा रात्रीचा शेवटचा प्रहर आहे, आणि तो कुणीतरी जागून काढायचा असतो. हे 'कुणीतरी' कोण, हे शोधायला कोरेगावासारखं दुसरं ठिकाण नाही. सातारा जिल्ह्यातल्या या तालुक्यात पहाट मोजण्याच्या तीन-चार रीती एकामागून एक आल्या, एकीने दुसरीला हटवलं, आणि त्यातली एक रीत हटवणारं यंत्र तर याच तालुक्यात तयार होत होतं.

घड्याळाच्या आधीची रीत आधी पाहू. कोरेगाव साताऱ्याच्या पूर्वेला, आणि दोघांच्या मधे जरंडेश्वराचा डोंगर. सातारकर या डोंगरामागून सूर्य वर येताना पाहतात. कोरेगावच्या बाजूला उलटं. सूर्य खटावकडच्या माळावरून येतो आणि त्याची पहिली तिरीप गावाच्या आधी पश्चिमेला जरंडेश्वराच्या माथ्यावर पडते. पण तोवर गावाची अर्धी कामं उरकलेली असत. वेळ सांगायची ती ऐकून आणि पाहून. पहिलं कोंबडं, दुसरं कोंबडं. मग चांदणी. मग झुंजुमुंजू, म्हणजे समोरचं माणूस आहे एवढं कळतं पण कोण ते कळत नाही अशी वेळ. मग फटफटलं. मग तांबडं फुटलं. मग दिस उगवला, आणि त्यानंतर तो कासराभर वर आला. कासरा म्हणजे बैलाची दोरी. आकाशातलं अंतर मोजायला शेतकऱ्याने हातातली दोरीच वापरली.

यातली चांदणी बेभरवशाची. शुक्र काही महिने पहाटे पूर्वेला दिसतो, मग सूर्याच्या उजेडात बुडतो आणि नंतर संध्याकाळी पश्चिमेला निघतो. सारं चक्र सुमारे ५८४ दिवसांचं. त्यामुळे शुक्र नसेल तेव्हा इतर तारे कामाला येत. मृगातल्या तीन ताऱ्यांचं तिकांडं, आणि सप्तर्षींची बाज. म्हातारीची बाज पळवून नेणाऱ्या तीन चोरांची गोष्ट आजीकडून ऐकलेली माणसं अजून आहेत. ती गोष्ट पोरांना झोपवायची होती, पण बाज कुठल्या महिन्यात कुठे कलते हे ज्ञान मोटकऱ्याच्या कामाचं होतं. ऊन चढायच्या आत दोन-तीन वाफे भिजवायचे तर मोट काळोखातच जुंपावी लागे.

शास्त्र्यांची रीत वेगळी. तिथे घटका. दिवसरात्रीच्या साठ घटका, एक घटका चोवीस मिनिटांची. तांब्याच्या पातळ वाटीला बुडाशी बारीक भोक, ती पाण्यावर सोडायची, भरून बुडाली की घटका झाली. लग्नमुहूर्ताला हे घटिकापात्र परवापरवापर्यंत मांडत असत. या मोजणीतही पहाट एकसंध नव्हती. एका जुन्या हिशेबात सूर्योदयापासून मोजत पंचावन्नाव्या घटकेला उषःकाल, सत्तावन्नाव्याला अरुणोदय, अठ्ठावन्नाव्याला प्रातःकाल. दुसऱ्या हिशेबात सूर्योदयाच्या आधीच्या चार घटका, म्हणजे शहाण्णव मिनिटं, सगळा अरुणोदयच. हा फरक केवळ पोथीतला नव्हता. त्या चार घटकांत दशमीचा स्पर्श असला तर वैष्णव त्या दिवशी एकादशी धरत नाहीत, दुसऱ्या दिवशी धरतात. कॅलेंडरात लागोपाठ दोन दिवस 'स्मार्त एकादशी' आणि 'भागवत एकादशी' दिसते ती यामुळे. वारकऱ्यांचा उपास कधी, हे पहाटेच्या व्याख्येवर ठरत आलं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस-पन्नास वर्षांत या सगळ्या शब्दांची पहिली मोठी नोंद झाली. ती करणाऱ्यांपैकी मुख्य माणूस कंपनी सरकारच्या फौजेतला होता. जेम्स थॉमस मोल्सवर्थ १८१२च्या सुमारास, वयाच्या सतराव्या वर्षी हिंदुस्थानात आला आणि दक्षिणेत पलटणीबरोबर फिरताना मराठी शब्द टिपू लागला. त्याच्या आधी विल्यम कॅरीने बंगालमधल्या श्रीरामपूरला १८१०मध्ये मराठी कोश छापला होता, व्हॅन्स केनेडीचा कोश १८२४मध्ये आला होता, पण ते तोकडे होते. मोल्सवर्थच्या मदतीला जॉर्ज आणि थॉमस हे जुळे कँडी बंधू आले, शास्त्री मंडळी आली. शास्त्र्यांचा स्वतंत्र मराठी कोश १८२९मध्ये निघाला आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१मध्ये. त्यात चाळीस हजारांच्या आसपास शब्द होते. पुढे प्रकृती ढासळून मोल्सवर्थ मायदेशी गेला, १८५१मध्ये परतला, आणि १८५७मध्ये दुसरी आवृत्ती साठ हजार शब्दांची झाली. उत्तरेत बंडाचा वणवा पेटला होता त्याच साली मुंबईत हा ग्रंथ बाहेर पडत होता.

मधल्या काळात उलटं काम थॉमस कँडीने पुरं केलं. मोल्सवर्थने सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७मध्ये त्याने छापला. उलट्या कोशात अडचण मोठी असते. मराठीतून इंग्रजीत जाताना 'झुंजुमुंजू'चा अर्थ दोन ओळींत समजावून देता येतो. इंग्रजीतून मराठीत येताना मात्र एका 'डॉन'समोर कोणते शब्द ठेवायचे आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवावं लागतं. पहाट आणि अरुणोदय यांत चांगलं तासाभराचं अंतर आहे. 'तांबडं फुटणं' हे रंगाचं, 'उजाडणं' हे उजेडाचं, 'पहाट' ही प्रहराची. कोशाच्या एका ओळीत ती सगळी स्वल्पविराम देऊन शेजारी बसतात आणि एकमेकांचे पर्याय होऊन जातात. योगायोग असा की मराठीत विरामचिन्हं रुळवण्यातही याच कँडीचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचा प्रमुख, सरकारी भाषांतरकार, शालेय पुस्तकांचा संपादक अशी त्याची हयात मराठीत गेली आणि १८७७मध्ये तो महाबळेश्वरला, सातारा जिल्ह्यातच वारला.

या माणसांबद्दल मला आदर आहे. मोल्सवर्थने शास्त्र्यांच्या नाकं मुरडण्याला न जुमानता गावरान शब्दांना, म्हणींना कोशात जागा दिली, हे त्याचं मराठीवरचं ऋण आहे. तरी त्याच्या माहीतगारांत पहाटेच्या प्रहराची खरी मालकीण नव्हती. पहाटे सर्वांत आधी उठणारी, जात्यावर बसणारी बाई कोशाच्या कचेरीत यायचा प्रश्नच नव्हता. तिच्याजवळचा शब्दसाठा नोंदला जायला पुढे शंभर वर्षं लागली.

दरम्यान सुशिक्षितांनी पहाटेच्या संस्कृत नावांना एक नवाच अर्थ दिला. काळोख म्हणजे अज्ञान किंवा पारतंत्र्य, आणि उजाडणं म्हणजे नवं युग. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनने १८४२मध्ये 'ज्ञानोदय' काढलं. ठाण्याहून १८६६मध्ये 'अरुणोदय' निघालं. बाबा पदमनजींनी आत्मचरित्राला 'अरुणोदय' हेच नाव दिलं, त्यांच्या लेखी तो ख्रिस्ती धर्माच्या उजेडाचा होता. हरिभाऊ आपट्यांनी शतकाच्या अखेरच्या दशकात 'करमणूक'मधून शिवकाळावरची कादंबरी क्रमशः लिहिली तिचं नाव 'उषःकाल'. कोल्हापुरात १९२९मध्ये चित्रपट कंपनी उभी राहिली ती 'प्रभात', आणि तुतारी फुंकणारी स्त्री तिची खूण झाली. सविनय कायदेभंगाच्या काळात गावोगाव गाणी म्हणत निघालेल्या मिरवणुकीला 'प्रभातफेरी' म्हणू लागले.

या नावांत पहाट कुठेच नाही, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. अरुणोदय, उषा, प्रभात ही नावं मुखपृष्ठावर चढली, पहाट घरात राहिली. 'नव्या युगाची पहाट' असं आज कुठल्याही भाषणात ऐकू येतं, पण तो प्रयोग रुळला तो पुष्कळ उशिरा. १९व्या शतकातल्या माणसाला पहाट म्हटलं की दळण, सडा, शेणघाण, मोट आठवत असणार. ती कामाची वेळ होती. तिला युगाचं नाव द्यावं असं तेव्हा कुणाला सुचलं नाही.

आणि मग रेल्वे आली. पुण्याहून मिरजेकडे जाणारा सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज रस्ता १८८०च्या दशकात या तालुक्यातून गेला. वाठार, सातारा रोड, कोरेगाव, रहिमतपूर ही स्थानकं झाली. वाई-महाबळेश्वरला जाणारे पाहुणे वाठारला उतरू लागले. स्थानकाबरोबर गावात पहिल्यांदा एक असं घड्याळ आलं ज्याचा गावच्या सूर्याशी संबंध नव्हता. हिंदुस्थानातल्या रेल्वेगाड्या त्या काळात मद्रासच्या वेळेवर धावत. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. मद्रास आणि कोरेगाव यांच्या रेखांशांत सुमारे सहा अंशांचा फरक, म्हणजे स्थानकाचं घड्याळ गावच्या सूर्यापेक्षा सुमारे चोवीस मिनिटं पुढे. बरोबर एक घटका. जोशीबुवांची वाटी एकदा भरून बुडेपर्यंतचा हा फरक. पहाटेची गाडी पकडणाऱ्याला कोंबड्याच्या आरवण्यातून एक घटका वजा करायला शिकावं लागलं.

मुंबईत हाच प्रश्न फार चिघळला. १८८१मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाज मद्रास वेळेवर आणायचं फर्मान काढलं आणि शहराने एवढा विरोध केला की दोन वर्षांत ते मागे घ्यावं लागलं. १९०६च्या आरंभी सगळ्या देशासाठी साडेब्याऐंशी रेखांशावरची प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या सूर्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटं पुढे होती. मुंबई महापालिकेने ती मानली नाही. शहराची स्वतःची 'मुंबई वेळ' १९५५पर्यंत पालिकेने चालवली, स्वातंत्र्यानंतरही आठ वर्षं. म्हाताऱ्या मुंबईकरांच्या बोलण्यात 'बॉम्बे टाइम की स्टँडर्ड' हा प्रश्न येत असे तो त्यामुळे.

महापालिकेच्या सभागृहातला वाद अभिमानाचा होता. गिरण्यांतला वाद पोटाचा आणि झोपेचा होता, आणि तिथे आपला सातारा जिल्हा थेट येतो. रत्नागिरीच्या पाठोपाठ मुंबईच्या गिरण्यांना मनुष्यबळ पुरवणाऱ्या भागांत घाटावरचा सातारा मोडतो. त्या वेळचा सातारा जिल्हा म्हणजे आजची सांगलीकडची वाळवा, तासगाव ही गावंही त्यात आली. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९मध्ये आणि त्याचं सांगली हे नाव झालं १९६०मध्ये. दुष्काळ, कर्ज, कोरडवाहू जमिनीचे तुकडे, यांना कंटाळून निघालेला माणूस वाठारला किंवा कोरेगावला गाडीत बसे आणि दुसऱ्या दिवशी परळच्या चाळीत पोहोचे. तिथे त्याला पहाट वेगळ्याच अर्थाने भेटे.

विजेचे दिवे येण्याआधी गिरणी उजेडावर चाले. सूत दिसू लागलं की कामाला सुरुवात, सूत दिसेनासं झालं की सुट्टी. ऐकायला हे निसर्गाच्या लयीत बसणारं वाटेल. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की कामगाराने काळोखात उठून, भाकरी बांधून, फाटकाशी तांबडं फुटायच्या आत हजर राहायचं, आणि उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि फॅक्टरी कमिशनपुढे मागण्यांचा अर्ज ठेवला. आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई, या त्यातल्या मागण्या आपण शाळेत वाचतो. आणखी एक मागणी होती, तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. काम सकाळी साडेसहाला सुरू करा आणि सूर्यास्ताला थांबवा. जोतीराव फुल्यांच्या या सत्यशोधक सहकाऱ्याने पहाट कामगाराच्या नावावर करून मागितली होती. घड्याळ इथे मालकाच्या नाही, मजुराच्या बाजूने उभं होतं. रविवारची सुट्टी १८९०मध्ये मिळाली. साडेसहाचं म्हणणं तसंच राहिलं. उलट १९०५च्या सुमारास कापडाला तेजी आली, विजेचे दिवे लागले आणि चौदा-पंधरा तासांच्या पाळ्या होऊ लागल्या.

अशात नवी प्रमाणवेळ आली. जानेवारी १९०६मध्ये जेकब ससून गिरणीतल्या हजारो कामगारांनी नव्या वेळेला विरोध करून काम थांबवलं, दगडफेक झाली. तीस-चाळीस मिनिटांसाठी एवढं काय, असं आज वाटेल. ज्याचा दिवस आधीच काळोखात सुरू होतो त्याच्यासाठी ती मिनिटं झोपेतून वजा होतात. घड्याळाचा काटा पुढे केला की साडेपाच तेच राहतात, पण बाहेरचा काळोख एकोणचाळीस मिनिटांनी दाट होतो. त्या कामगारांत किती जण साताऱ्याकडचे होते याची यादी कुणी ठेवली नाही. पण त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागला नसणार. ज्यांनी बाज आणि तिकांडं पाहून मोट जुंपली होती त्यांना आपली फसगत आकाशाकडे बघून कळत होती.

कोरेगावच्या स्थानकावरचं घड्याळही त्याच सुमारास मद्रास सोडून प्रमाणवेळेवर आलं आणि गावच्या सूर्यापासूनचं अंतर चोवीस मिनिटांचं तेहतीस मिनिटं झालं. आज आपण जूनमध्ये सहाच्या आसपास आणि जानेवारीत सातनंतर सूर्योदय पाहतो. त्यातली ही तेहतीस मिनिटं अजून आपल्या अंगावर आहेत, फक्त ती जाणवायची बंद झाली.

आता घरात येऊ. बाहेर कोशवाले, रेल्वेवाले, गिरणीवाले पहाटेची मापं बदलत होते तेव्हा आत एक माप अढळ होतं, दळणाचं. ज्वारी-बाजरीचं पीठ फार टिकत नाही, बाजरीचं तर चार-सहा दिवसांत कडू होतं. म्हणून दळण रोजचं. सुपात धान्य घेऊन बाई जात्याशी बसे. खालची तळी घट्ट, वरची फिरती, मधे माकडी, कडेला खुंटा. एका हाताने मुठीमुठीने तोंडात वैरण घालायची, दुसऱ्या हाताने खुंटा ओढायचा. वैरण जास्त पडली तर पीठ भरड येतं, कमी पडली तर दगड दगडाला घासतो आणि पिठात कच येते. सहा-आठ महिन्यांनी दगड गुळगुळीत झाला की 'जात्याला टाकी लावायची का' अशी हाळी देत टाकीवाली येई आणि छिन्नीने तळीवर बारीक खाचा पाडून जाई. समोर नणंद-जाऊ बसली तर काम हलकं, एकटीने ओढायचं तर खांदा भरून येई. सासरच्या घरात सुनेला मोठ्याने काही बोलायची मुभा असलेली हीच काय ती वेळ. घरातली माणसं झोपेत, आणि जात्याची घरघर आवाजाला आडोसा देणारी. माहेर, भाऊ, नवऱ्याचा मार, मुंबईला गेलेला घरधनी, विठ्ठल, सारं ओवीत येई. कोशातल्या पहाटेपेक्षा ही पहाट फार मोठी आहे.

ती संपवली एका यंत्राने. धनजीशा कूपर हे साताऱ्याचे पारशी उद्योजक आणि राजकारणी, १९३७मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. त्यांनी १९२०च्या दशकात सातारा रोडला, म्हणजे कोरेगाव तालुक्यातल्या पाडळीला, रेल्वेस्थानकाजवळ कारखाना काढला. लोखंडी नांगरापासून सुरुवात झाली आणि १९३०च्या दशकात तिथे डिझेल इंजिनं बनू लागली. या देशात डिझेल इंजिन बनवणाऱ्या अगदी पहिल्या कारखान्यांत त्याची गणना होते. पुढे तो वालचंद समूहाकडे गेला. तिकडे औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीतून नांगर आणि पंप निघत होते. या दोन गावांमुळे जुन्या सातारा जिल्ह्याची पहाट आतून बदलली. इंजिन विहिरीवर बसलं आणि मोट सुटली. इंजिन गावाच्या वेशीजवळच्या पत्र्याच्या खोलीत बसलं आणि पिठाची गिरणी झाली. तिचा पट्टा फिरू लागला की फटफट आवाज दोन शेतांपलीकडे जाई. बाईच्या रोजच्या दोन तासांची, कधी तीन तासांची मजुरी एका आण्या-दोन आण्यांवर आली.

हे चांगलंच झालं. जात्याच्या ओव्यांबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्यांनी दळणाऱ्या बाईचा खांदा कधी पाहिलेला नसतो, असं मला वाटतं. बाळंतपणानंतर महिन्याभरात जात्यावर बसलेल्या बायका होत्या, आणि पिठाच्या गिरणीने त्यांना झोप दिली. तेवढ्यासाठी तिचे उपकार आहेत. पण जातं कोपऱ्यात गेलं तसा त्याच्याबरोबरचा साठा विखुरला. ओवी एरवी म्हणायची नसते, घरघरीशिवाय ती आठवतही नाही. दळण थांबलं आणि पुढच्या पिढीच्या तोंडी ती उतरलीच नाही.

सुदैवाने वेळेवर काही माणसं धावली. साने गुरुजींनी ओव्या गोळा केल्या आणि 'स्त्री जीवन' १९४०मध्ये प्रसिद्ध केलं. आणि सगळ्यात जिद्दीने काम केलं ते या मातीतल्या एका बाईने. सरोजिनी बाबर यांचा जन्म १९२०चा, वाळवा तालुक्यातल्या बागणीचा. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात. आई-आजीच्या तोंडून ऐकलेलं त्यांनी विद्यापीठात नेलं, पुढे महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या अध्यक्ष म्हणून गावोगावचं साहित्य मिळवलं आणि लोकसाहित्यमालेतून पुस्तकामागून पुस्तक काढलं. सण, खेळ, उखाणे, जात्यावरची गाणी, स्वयंपाक, सारं काही. दाते-कर्व्यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३८मध्ये पुरा झाला होता. त्यात पहाटेची नावं होती, पण पहाट कशी जाते ते बाबरांच्या पुस्तकांत आहे. मोल्सवर्थच्या कचेरीत जी बाई येऊ शकली नाही तिच्या घरी कुणीतरी अखेर गेलं. मागाहून हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून एक लाखाहून जास्त ओव्या मिळवल्या आणि बर्नार्ड बेल यांच्या साथीने पुष्कळशा त्याच बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. म्हणणारीचं नाव आणि गाव प्रत्येक ओवीपाशी नोंदलं, हे त्या कामाचं मोठेपण. लोकसाहित्य म्हणजे कुणाचंच नसलेलं साहित्य, ही समजूत त्याने मोडली.

शहरांत पहाट आता नव्या रूपात आली आहे. दिवाळीत पुण्या-मुंबईत, साताऱ्या-सांगलीतही 'दिवाळी पहाट' असते. नवे कपडे, अत्तर, नाट्यपदं. मुखपृष्ठावर कधी न गेलेला हा शब्द आता फलकांवर झळकतो, याचा मला आनंद आहे.

शेतात मात्र पहाट अजून कामाचीच आहे. कोरेगाव तालुक्यात ऊस, आलं, घेवडा अशी पाण्याची पिकं वाढली. मोटेच्या जागी इंजिन आलं होतं, इंजिनाच्या जागी विजेची मोटर आली. कृषिपंपांचा तीन फेजचा पुरवठा चक्राकार असतो, आठवड्यात काही दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री. रात्रपाळीची वीज आली की शेतकरी टॉर्च आणि काठी घेऊन दारं धरायला निघतो. ऐन थंडीत चिखलात पाय, साप-विंचवाचं भय, आता बिबट्याचंही. या वाफ्यातून त्या वाफ्यात पाणी वळवत तांबडं फुटतं. बऱ्याच घरांत नवरा-बायको दोघंही जातात. राज्य सरकारने २०१७मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली ती शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून, आणि तिचं काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. शेतकरी संघटनांच्या निवेदनांत ऊसदराच्या खालोखाल अजूनही तीच मागणी असते: दिवसा सलग वीज द्या.